पगडी काढा, बाबा

माझ्या बाबांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. युरोपची पेंटिंग्ज मुलांना पुस्तकातून दाखवली आणि खरं एकही न बघता गेले.

ते माझ्यामुळे.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. घरात कुणाला बोलले नाही, इथं लिहून राहिले.

ग्वाल्हेरला राहून बघितलं नाही? कुणीही विचारेल. महालातल्या म्युझियममध्ये भिंती भरून युरोपची चित्रं आहेत. आमच्या थाटीपुरहून ऑटोनं जाता येतं.

पण आजोबा दरबारात नोकरीला होते. तेव्हापासून आमच्याकडे एकच रिवाज. महालात बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि बोडक्या डोक्यानं तर मुळीच नाही.

मी चिडवायची, "बाबा, निमंत्रण निघालंय हं, पोस्टात अडकलंय."

ते हसायचे. जायचे मात्र नाहीत.

मग मोतीबिंदू वाढला. मी म्हटलं, "आता नाही तर कधी बघणार? चला, मी बोलावतेय."

"तू बोलावतेयस ना? मग येतो."

रविवारी गाडी घेऊन गेले तर बाबा दारात तयार. बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर आजोबांची पगडी.

तसंच त्यांना गाडीत बसवलं. पण म्युझियमच्या पार्किंगमध्ये टूरिस्टांची ही गर्दी, शॉर्ट्स, गॉगल, सेल्फी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पगडी काढा, बाबा. लोक हसतील. म्युझियम आहे हे, दरबार नाही."

त्यांनी ती काढली आणि सीटवर ठेवली.

आत जिन्यापाशी थांबले. "मंजू, तू बघून ये. मी इथंच बसतो."

"गुडघे दुखतायत का?"

"तसंच समज."

गार्ड भला माणूस. "दादाजी के लिए व्हीलचेयर मंगवा दूँ?"

"नहीं भैया, पैर ठीक हैं," बाबा म्हणाले.

म्हणजे बोडक्या डोक्यानं ते वर येणार नाहीत, हे मला कळलं होतं. तरी हट्टाला पेटून एकटीच वर गेले. काय मिळवलं त्यात, देव जाणे.

वरून मोबाइलवर फोटो काढून आणले. गाडीत त्यांनी एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. एका बाईच्या निळ्या झग्यापाशी खूप वेळ थांबले.

"पुस्तकात हा काळा दिसायचा गं. मुलांना मी काळाच सांगितला."

मी गाडी सुरू केली. खरं तर तिथंच हात धरून त्यांना परत न्यायला हवं होतं, पगडीसकट.

पुढच्या महिन्यात नेऊ म्हटलं. मग माझं सिटी सेंटरचं ऑफिस, त्यांचा खोकला, दवाखाना. दोन महिन्यांत सगळं आटोपलं.

लोक हसतील म्हणाले होते मी.

बाबा, त्या गर्दीत आपल्याला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. तुमची लाज फक्त मला वाटली.

चुकलं माझं. नमस्कार करते.