बावीस कवायतबाई आणि माझा एक नियम

शिकणाऱ्यांना शिकवून फारसे किस्से जमत नाहीत. शिकवणाऱ्यांना शिकवायला जा, मग बघा. साखरखेर्ड्याच्या त्या पंधरा दिवसांत माझ्याकडे इतके जमले, की अजून कुणी नुसतं "सरळ बसा" म्हटलं तरी मला हसू फुटतं. एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा ढकलत येतो.

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळांत कवायत शिकवणाऱ्या बायकांसाठी साखरखेर्ड्याच्या शाळेत उजळणीचा वर्ग निघाला. बावीस जणी आल्या, सगळ्या सर्टिफिकेटवाल्या. त्यांना नवं शिकवणार होते मी. बुलढाण्याच्या एका कारकुनाची मुलगी, व्यायामाच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, वय तेवीस. सतरंजीवर पडून, श्वासाबरोबर, सावकाश करायचे पाठीचे आणि पोटाचे व्यायाम, हा माझा विषय. "सावकाश" हा शब्द मी दिवसातून शंभरदा म्हणायचे, आणि घाईघाईने म्हणायचे.

पहिल्याच सकाळी मी नियम सांगून टाकला. "जी बाई स्वतः करून दाखवणार नाही, तिला मी पास करणार नाही." खुर्चीत बसून मुलींना उड्या मारायला लावणारी माणसं मी खूप पाहिली होती, त्यांचा मला राग होता. नापास बाईच्या शाळेतला मुलींचा कवायतीचा तास बंद होऊन तिथे शिवणाचा तास लागणार, हे मला माहीत होतं. तरी नियम केला. तेविसाव्या वर्षी नियम फार आवडतात.

* * *

नियम झाल्यावर मी म्हटलं, "उजवा हात वर."

बावीस डावे हात वर गेले.

मला वाटलं, माझी चेष्टा चालली आहे. पुन्हा म्हटलं. पुन्हा बावीस डावे. मी तापले. तेव्हा सगळ्यांत वयस्क बाई बोलल्या, रोहिणखेडच्या वानखडेबाई. पन्नाशीच्या, उंच, बोलण्यात अजिबात घाई नसलेल्या.

"बाई, वीस वर्षं झाली आमाले पोरीइकडं तोंड करून उभं राहून. पोरीचा उजवा तो आपला डावा. 'उजवा' आयकलं का डावाच उठते."

"मग मी काय करू?"

"तुमी 'डावा' म्हना."

पंधरा दिवस मी "डावा" म्हणून उजवा हात मिळवला.

* * *

शिट्ट्यांचं तसंच. प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी, आणि शेजारीण चुकली की हात आपोआप शिट्टीकडे. एका व्यायामात सात शिट्ट्या वाजल्यावर मी सगळ्या काढून घेतल्या आणि एका पितळी डब्यात बंद केल्या.

दुसरबीडच्या सोळंकेबाई गोल, गोऱ्या आणि कायम हसऱ्या. त्या गळा चाचपत म्हणाल्या, "शिट्टी नाही तर अंगावर लुगडंच नाही असं वाटतंय बघा."

शिट्ट्या गेल्या, तोंडाने एक-दोन-तीन म्हणायलाही मी बंदी केली. आता ताल श्वासाचा. तरी सगळ्या जणी चौथ्या ठोक्याला बरोबर थांबायच्या. दोन दिवसांनी मला उलगडलं. बांगड्या! सोळंकेबाईंच्या काचेच्या डझनभर बांगड्यांवर सगळा वर्ग चालला होता.

"बांगड्या उतरवा," मी म्हणाले.

एकीचाही हात बांगड्यांकडे गेला नाही. सवाष्णींना भर वर्गात मी काय सांगितलं, ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

वानखडेबाई पुढे आल्या. त्यांचे स्वतःचे हात मोकळेच होते. त्यांनी आपला रुमाल काढला, सोळंकेबाईंच्या मनगटावर बांगड्यांवरून घट्ट बांधला आणि गाठ मारली. "हं. आता मुक्या झाल्या."

संध्याकाळपर्यंत गावातल्या दुकानातले रुमाल संपले.

* * *

एका सकाळी मी पाठीच्या कण्याचा तक्ता झाडाला टांगून तासभर बोलले. मणके किती, बाक कुठे असावा, मान कशी असावी. बोलता बोलता लक्षात आलं, एकही बाई तक्त्याकडे बघत नाही. सगळ्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे.

मी वळून पाहिलं. रस्त्याने एक बाई चालली होती. डोक्यावर दोन घागरी, कडेवर मूल, आणि कुणाशी तरी भांडण चालू. घागरीतलं पाणी हलत नव्हतं.

सोळंकेबाई म्हणाल्या, "सर्टिफिकेट आधी हिला देऊन टाका."

मी तक्ता गुंडाळला.

* * *

जेवायला व्हरांड्यात पंगत बसायची. वानखडेबाई कधीच बसल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून वाढायला उभ्या. "तुमी जेवा, मी वाढते." भाकरी, वरण, ठेचा, पुन्हा वरण. आमचं आटोपल्यावर त्या ताट घेऊन कुठेतरी जायच्या. मी भारावून गेले होते. सेवाभाव म्हणजे काय ते या बाईंकडून शिका, असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालेसुद्धा.

त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

सतरंजीवरही त्या क्वचितच दिसायच्या. कुणाची पाठ वाकडी, कुणाचा श्वास अडकलेला, ते उभ्यानेच हेरायच्या आणि एका बोटाने सरळ करायच्या. मला वाटायचं, मदत करतायत.

चौदाव्या दिवशी दुपारी मी शाळेमागच्या विहिरीवर गेले. वानखडेबाई दगडावर बसून जेवत होत्या. डावा पाय समोर काठीसारखा ताठ. गुडघा सुजलेला, वाकत नव्हता.

मी जवळ गेले. मग विचारलं, "कधीपासून?"

"चार वर्षं झाली. पोरीइले फुगडी शिकवत होती, पडली."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमचा नियम आयकला ना, माय. सांगतलं असतं तं त्याच दिवशी घरी गेली असती." त्यांनी घास संपवला. "उद्या परीक्षा हाय. नापास झाली तं पोरीइले शिवण लागते. शिवण त्याइले घरी शिकवतेतच. धावणं कोण शिकवते?"

नियम पाळावा तर रोहिणखेडच्या मुलींचा तास जाणार. एकीसाठी नियम मोडावा तर बाकीच्या एकवीस जणींनी तो निमूट पाळला होता. वानखडेबाईंनी ताट विसळलं आणि मला म्हणाल्या, "जा, उनात उभ्या नका राहू."

* * *

परीक्षेला तपासनीस साहेब आले. खुर्ची, टेबल, नावांची यादी. शेजारी मी. प्रत्येकीने चिठ्ठी उचलायची, त्यातला व्यायाम आधी स्वतः करून दाखवायचा, मग दुसरीकडून करून घ्यायचा. सोळंकेबाई रुमाल बांधून आल्या आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या.

वानखडेबाईंची चिठ्ठी मी उघडली. उताणं पडून, गुडघे दुमडून, हात न टेकता, श्वास सोडत, एकेक मणका उचलत उठून बसायचं. साऱ्या यादीत गुडघ्याला सर्वांत वाईट.

त्या सतरंजीपाशी आल्या. खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, या. पडा इथं."

"मी?"

"तुमीच."

मी पडले, आणि उठून बसले. पंधरा दिवस रोज करत होते, त्यात काय.

"चूक," वानखडेबाई म्हणाल्या. "खांद्यानं झटका देता तुमी. पंधरा दिवस पाहून राह्यली मी. पुन्हा."

मागे सोळंकेबाई खाकरल्या. मी पुन्हा पडले, पुन्हा उठले.

"अजून झटका. घाई हाय तुमाले. कुठं जायचं हाय? पुन्हा."

पाचव्या वेळेला त्यांनी एक बोट माझ्या बरगडीवर ठेवलं. "इथून सोडा श्वास. आधी हनुवटी. मंग मान. आता पाठ, एकेक." पोटात कुठेतरी, माझ्या तक्त्यावर नसलेल्या जागी, काहीतरी जागं झालं. मी अर्धी वर आले होते, थरथरत, पण झटका न देता.

तेवढ्यात साहेबांनी यादी बघत मला विचारलं, "यांनी स्वतः काही केलं नाही. नियम तुमचाच आहे. काय लिहू?"

मी तोंड उघडणार, तोच वानखडेबाईंनी साहेबांना हाताने थांबवलं.

"आता नका बोलवू तिले. श्वास सोडून राह्यली ते."

साहेब लेखणी धरून थांबले. बाकीच्या एकवीस जणी थांबल्या. मी उरलेला सगळा श्वास सोडला, शेवटचा मणका उचलला आणि ताठ बसले. जन्मात पहिल्यांदा बरोबर.

"हं. आता बोला," वानखडेबाई म्हणाल्या.

"पास," मी म्हणाले.

साहेबांनी यादीवर लेखणी टेकवली आणि चष्म्यावरून आम्हा दोघींकडे पाहिलं.

"कोण? त्या, की तुम्ही?"