डेंटिस्टकडे नेलेला हार्ट अटॅक

तुमचे आजोबा दोन वर्षं डेंटिस्टला टाळत होते. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं, बेसिनमध्ये गुलाबी ओघळ दिसायचा, आणि मी काही बोलले की ब्रश कडक आहे म्हणायचे. मी मऊ ब्रश आणला. मग पेस्ट झोंबते म्हणाले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात हा माणूस आयुष्यभर क्वालिटी चेकिंगला होता. केसभर चरा दिसला की आख्खा लॉट परत पाठवायचा. स्वतःचा लॉट मात्र न तपासताच पास.

त्यामुळे गेल्या वर्षी दसरा झाल्यावर एका सकाळी ते भाजी घेऊन आले, पिशवी दारातच ठेवून चपलांच्या कपाटावर बसले आणि डावा जबडा धरून म्हणाले, "आज दाखवूच या ही दाढ," तेव्हा मला काळजी वाटायच्या ऐवजी जिंकल्यासारखं वाटलं. लगेच फोन करून वेळ घेतली. तोवर दाढेखाली धरायला लवंग दिली. शर्ट घामाने भिजला होता, तो बदलायला लावला. ऑक्टोबरात आमच्या कोपरी भागात घाम कोणाला येत नाही? मीही साडी बदलली. तुमच्या आजीला तुम्ही ओळखता. डॉक्टरकडे जायचं म्हणजे नीट जायचं. त्यांची मेडिकल फाइल काढली, तारखेप्रमाणे लावलेली, रक्त, डोळे, दात अशा रंगीत टॅबची. दातांच्या टॅबखाली काहीच नव्हतं. आज ते पान भरेल म्हणून मी खूश.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, फरसाणच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिन्यात आजोबा दोनदा थांबले आणि भिंतीवरची पाण्याच्या टाकीची नोटीस मन लावून वाचू लागले. त्या सोसायटीशी आमचा काडीचा संबंध नाही. मला वाटलं, टाळाटाळ चालली आहे. मी मागून म्हटलं, चला आता, पाठ झाली असेल.

डेंटिस्ट तुमच्या आईच्या वयाची. तिने त्यांना त्या मोठ्या खुर्चीत नेलंच नाही. बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, दाढांवर एकेक करून हलकेच टकटक केलं. दुखतंय का? नाही. इथे? नाही. मी लवंगेचं सांगू लागले, तर तिने हाताने मला थांबवलं.

"काका, जिना चढताना वाढलं का?"

त्यांनी मान हलवली.

"काकू, ही दाढ नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

तिने फोनवरून हॉस्पिटलला कळवलं आणि त्यांना कशाची ॲलर्जी आहे का, असं विचारून ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली. आजोबा चालत खाली उतरायला निघाले, तर त्यांना बसा म्हणून दटावलं. खालचे फरसाणवाले आणि वाट बघत बसलेला एक पेशंट यांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. टेंभी नाक्याच्या देवीची मिरवणूकही इतक्या जपून निघत नसेल. आजोबा वरून सूचना देत होते, कोपरा सांभाळा, पाय अडकेल. डेंटिस्ट आमच्याबरोबर रिक्षातून हॉस्पिटलपर्यंत आली. तिच्या हातातले ग्लोव्हज तसेच होते.

दुपारपर्यंत अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. मी बाहेर मांडीवर फाइल घेऊन बसले होते. हृदयाचे डॉक्टर आले, आता धोका टळलाय म्हणाले आणि झालं काय ते कागदावर काढून दाखवलं. माझी समजूत अशी की हृदयाच्या नळीत गाळ साचत साचत ती बंद होते. तसं नव्हतं. यांचा अडथळा मोठा नव्हताच. नळीच्या भिंतीच्या आत चरबी शिरते आणि तिथे पडून पडून खवटते. डॉक्टरांचा शब्द ऑक्सिडेशन, खवट हा माझा. डब्यातलं जुनं खोबरं मला माहीत आहे. ही खवट चरबी शत्रू समजून पांढऱ्या पेशी ती गिळायला धावतात, गिळून फुगतात, तिथेच अडकतात, आणि त्या जागी दाह सुरू होतो. वरचा पापुद्रा पातळ होत जातो. एके दिवशी तो फाटतो. रक्ताला वाटतं जखम झाली, ते बिचारं आपलं काम करतं, गुठळी बनवतं. त्या गुठळीने नळी बंद.

मग त्यांनी फाइल चाळली आणि रक्ताच्या टॅबवर थांबले. सीआरपी नावाची तपासणी असते. शरीरात कुठे दाह धुमसत असेल तर तो आकडा चढतो. आजोबांचा लागोपाठ दोन वर्षं चढलेला, लॅबने ठळक छापलेला. त्यावर पेन्सिलीने माझी टिकची खूण. टिक म्हणजे रिपोर्ट फाइलला लावून झाला.

"फाइल सुंदर आहे, काकू. वाचली का कोणी?"

मी हिरड्यांचं विचारलं. ते म्हणाले, हिरड्यांचा जुना दाह आणि हृदयाचा आजार पुष्कळदा एकत्र दिसतात, पण यानेच ते झालं असं शपथेवर कोणी सांगणार नाही. सिगारेट साठीपर्यंत चालली, साखर काठावर. दोष वाटून घ्यायला बरेच जण होते. माझा वाटा मला त्यातून बाजूला काढता येईना.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आकडे होते, मी फक्त भोक पाडून लावले, कोणाला दाखवले नाहीत.

ते पेज ढवळत होते.

"अगं, तू वाचून दाखवलं असतंस तर मी गेलो असतो का दाखवायला?"

"नसता गेलात."

"मग झालं तर."

तेव्हा मी हो म्हटलं, कारण त्यांना पेज संपवायची होती. पण बाळांनो, खरं तुम्हाला सांगते. चूक आकड्यांत आहे म्हटल्यावर तो माणूस थांबला नसता. माझ्या बोलण्यावर नसेल, पण छापील रिपोर्टवर नक्की गेला असता. हे त्यांनाही माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी चमचा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, यात मीठ नाही, तूच खाऊन बघ.