बावीस घरांचं पाणी

नाताळच्या दिवशी दुपारी दीड वाजता आमच्या अंगणात बारा किलो तांदळाचा भात आणि नऊ कोंबड्यांचा रस्सा झाकून ठेवलेला होता, आणि जेवायला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी पत्नी सुमन. पाड्यावरच्या बावीस घरांना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. लहानमोठी मिळून नव्वद माणसं, त्या हिशेबाने स्वयंपाक. कोणी नाही म्हणालं नव्हतं. बारा वाजता या म्हटलं होतं, आणि दीड वाजला तरी कोणी आलं नव्हतं.

मी जव्हारजवळ, साखरशेतच्या बाजूला एका आश्रमशाळेत भांडारपाल आहे. शिक्षक नाही, तरी पाड्यावर सगळे गुरुजीच म्हणतात. आम्ही मूळचे नाशिकचे. बदली होऊन इथे आलो त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांत सुमनच्या शेजारी बसायला एकही बाई आली नव्हती. लोक वाईट नव्हते. वाटेत भेटले की हसायचे, भाजी विचारली तर द्यायचे, पण आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हते. त्या वर्षी सुमन म्हणाली होती, "हा नाताळ असाच गेला तर मी नाशिकला जाते. तुम्ही राहा तुमच्या कोठारात." ती बोलते ते करते. म्हणून सकाळच्या प्रार्थनेत मी प्रभूकडे एकच मागणं केलं होतं की आज आमच्या घरी माणसं येऊ देत. दीड वाजता मला वाटलं, माझी प्रार्थना छपराच्या वर गेलीच नाही.

माझं काय चुकलं ते मला खरोखर कळत नव्हतं. मी कधी कोणाला त्रास दिला नव्हता. उलट त्रास होऊ नये म्हणून फार जपत होतो. पाड्यापासून विहीर नऊशे पावलांवर आहे, मी मोजली आहेत. उन्हाळ्यात तिचा तळ दिसतो, तेव्हा बाया त्याहून लांब जातात. एक हंडा पंधरा लिटरचा, तो डोक्यावर घेऊन चढ चढायचा. हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी ठरवलं होतं की या लोकांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. कोणाकडे गेलो की आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा, आणि मी खांद्यावरच्या पिशवीतली बाटली दाखवून म्हणायचो, "नको, माझं आहे." जेवायला कोणी आग्रह केला तरी तेच, "जेवून आलोय." याला मी शेजारधर्म समजत होतो. प्रभूने शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं, आणि ते मी अगदी काटेकोरपणे करतो आहे, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात अंगणाच्या कडेला एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. डोक्यावर गाठोडं, पायात काही नाही. आमच्या पाड्यातली नव्हती.

"पानी दे रं, दादा," ती म्हणाली.

मी तांब्या भरून आणला. तिने तो हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. ओट्यावर बसून आधी गाठोडं सोडलं. आत उकडलेले करांदे होते, रानातले कंद. त्यातला एक तिने माझ्यापुढे धरला.

"घे, खा."

"नको बाई," मी सवयीने म्हणालो. "तुम्हालाच लागतील. वाट लांब आहे."

तिने तांब्या खाली ठेवला. रागाने नाही, अगदी सहज. "मंग तुझा पानी मी कसा पिऊ? माझा तुला नको, तं तुझा मला कशाला? ऱ्हाऊ दे. जव्हारला पिईन." आणि ती गाठोडं बांधायला लागली.

भरलेला तांब्या माझ्या ओट्यावर तसाच होता आणि तहानलेली बाई उठून चालली होती. "थांबा," म्हणालो आणि करांदा घेतला. तिच्यासमोर बसून सगळा खाल्ला. चांगलाच कडसर होता. माझं तोंड बघून ती हसली. "कडू हाय ना? मीठ आन जरा, शान्या!" मी मीठ आणलं. तिने तांब्या एका दमात रिकामा केला. मग झाकलेल्या पातेल्यांकडे बघत म्हणाली, "एवढा कोणासाठी रांधलास?"

"पाड्यासाठी. पण कोणी आलं नाही."

"तू जातोस त्यांचेकडं?"

"जातो की."

"जेवतोस?"

"जेवून जातो," मी म्हणालो. सुमनने तिला वाढायला ताट घेतलं, तर ती म्हणाली, "पाड्याचे आधी मी कशी जेवू?" आणि ती जव्हारच्या वाटेला लागली.

मी रिकाम्या हाताने निघालो. पहिलं घर लखमाचं, आमच्या कुंपणाला लागून. तो पडवीत बसला होता, त्याची बायको काशी नागली पाखडत होती. मी म्हणालो, "काशीबाई, मला पाणी द्या."

तिचं सूप हातातच थांबलं. लखमा म्हणाला, "का, गुरुजी? बाटली इसरली का?"

"विसरलो नाही. घरी ठेवून आलोय."

काशीने तांब्या आणला. मी सगळं पाणी प्यायलो. लखमा हळू आवाजात म्हणाला, "आमाला वाटायचा, आमचे हातचा तुमाला चालत नाय."

माझ्या आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. त्यांचा नातू मी, आणि माझ्याबद्दल या माणसांना तीन वर्षं हे वाटत होतं. मी लखमाची माफी मागितली. विहिरीची पावलं, हंड्याचं वजन, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि काशीकडे बघून मोठ्याने हसला. "आगं, हा आपला पानी मोजत होता!"

त्यानंतर मी प्रत्येक घरी गेलो आणि प्रत्येक घरी पाणी मागितलं. आठव्या घरापासून लखमा आणि काशी माझ्यामागे आले, मग बाकीचेही. पंधराव्या घरी एक म्हातारी ओरडली, "आरं, पुरे करा! गुरुजीचा पोट फुटंल!" पण तिनेही तांब्या आणलाच. मी अर्धा अर्धा घोट घेत बाविसाव्या घरापर्यंत पोचलो. परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि माझ्यामागे सगळा पाडा होता. भात गार झाला होता. काशीने सुमनच्या हातातून पळी घेतली, "तू बस गं, बाय," म्हणाली आणि रस्सा पुन्हा चुलीवर चढवला. सुमन बायांमध्ये बसली. काय बोलत होत्या कोण जाणे, पण तिला इतकं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. नाशिकचा विषय पुन्हा निघाला नाही.

प्रभू विहिरीवर थकून बसला होता आणि परक्या बाईजवळ त्याने पाणी मागितलं, ही शुभवर्तमानातली गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्येक वेळी त्याने तिला काय दिलं तेवढंच माझ्या लक्षात राहिलं. आधी त्याने मागितलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी देणारा व्हायला निघालो होतो, आणि घेण्यासाठी जो नम्रपणा लागतो तो माझ्याजवळ नव्हता. माझा काटेकोरपणा हा माझा गर्वच होता. तो मी प्रभूच्या पायाशी ठेवला.

त्या बाईची मी पुढे चौकशी केली. कोणी तिला ओळखलं नाही. बाजाराला जाणारी एखादी असेल, असं सगळे म्हणतात, आणि असेलही. मी त्यापुढे विचारलं नाही.

आता कोणाच्या पडवीत बसलो की आधी पाणी घेतो, मग बोलतो. पिताना मनात दोघांचे आभार मानतो. जिने ते डोक्यावरून वाहून आणलं तिचे, आणि ज्याने मला ते घ्यायला शिकवलं त्याचे.