उत्तर कार्डाच्या मागे आहे

अभ्यासाला बसलं की डोक्यात अभ्यास साठतो की नाही, सांगता येत नाही. किस्से मात्र साठतात. चंदीगडला आम्ही तिघं मराठी माणसं दर रविवारी वर्तन विश्लेषणाच्या, म्हणजे सवयी कशा लागतात आणि सुटतात त्या शास्त्राच्या, परीक्षेची फ्लॅशकार्डं (पुढे प्रश्न, मागे उत्तर) करायला बसायचो: मी, मेजरसाहेबांची बायको उज्ज्वला आणि वर्ध्याचे सोनटक्के सर. मी एकदा नापास झालेली, त्यामुळे अनुभवी.

*

पहिल्याच रविवारी सरांनी अख्खा धडा एका कार्डावर उतरवून आणला. पुढे, मागे, कडेनं उभा. वाचायला भिंग लागलं.

"सारं मावलं ना पण," सर म्हणाले.

"सर, हे कार्ड आहे की सातबारा?" उज्ज्वलानं विचारलं.

नियम ठरला: एका कार्डावर एकच प्रश्न, आणि उत्तर मोठ्यानं म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही.

*

दुसरा नियम माझा: उदाहरणं पुस्तकातली नकोत, घरातली हवीत. 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट' म्हणजे शिक्षा, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर त्रास टळतो म्हणून माणूस तेच परत करतो. उज्ज्वलानं लिहिलं, 'नवऱ्यानं भांडी घासायला घेतली की मी कटकट थांबवते. आता तो रोज घासतो. हे काय?'

कार्ड नाश्त्याच्या टेबलावर राहिलं. मेजरसाहेबांनी ते वाचलं, उलटलं, मागचं उत्तर वाचलं आणि बशी उचलून सिंककडे निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "मला वाटायचं, मला आवडतं."

*

सरांच्या वाट्याला 'एक्स्टिंक्शन' आलं. सवयीला प्रतिसादच दिला नाही की ती विझते. पण विझण्याआधी एकदा भडकते. शेजारचे बिल्लूजी रोज सकाळी पेपर मागायला बेल वाजवायचे. सरांनी दार उघडणं बंद केलं. पहिल्या दिवशी दोन बेल, दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी बिल्लूजींनी कुलूपवाला आणून दार उघडलं. मागे सगळा मजला, काहीजण रडवेले. सर खुर्चीत कार्ड लिहीत बसलेले.

"ओ जी, ज़िंदा हैं!" म्हणत बिल्लूजींनी त्यांना मिठी मारली.

आता ते पेपर न्यायला येत नाहीत. काळजीपोटी परांठे घेऊन येतात आणि तिथेच बसून वाचतात. सरांनी ते कार्ड पुस्तकातलं उदाहरण घालून लिहिलं.

*

परीक्षेला आठ दिवस होते. मी मोहालीला विशेष मुलांच्या सेंटरवर शिकवते, तिथे सहा वर्षांची गुरनूर येते. ती बोलत नाही. हव्या त्या वस्तूच्या चित्राचं कार्ड हातात देते, आणि बरोबर दिलं की मी तिला बक्षीस म्हणून एक मखाणा देते. त्या दिवशी शिकवून झालं, पण तिची आई ट्रॅफिकमध्ये अडकली. म्हणून मी माझी सव्वीस कार्डं काढली. गुरनूर शेजारी बसून बघत होती.

पहिलं उत्तर बरोबर आलं. मी खूश होऊन मान डोलावली. तिनं मखाण्यांच्या डब्यातून एक मखाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

दुसरं चुकलं, कार्ड उलटताच मी जीभ चावली. मी तरीही हात पुढे केला. तिनं डबा मागे ओढला, तेच कार्ड परत माझ्यासमोर ठेवलं आणि शांतपणे वाट बघत बसली. उत्तर नीट तीनदा म्हटलं, तेव्हा मखाणा मिळाला.

शेवटचं कार्ड संपताना आई धावत आली. "मॅडम, आज कैसा रहा?"

"छब्बीस में से उन्नीस," मी म्हटलं.

गुरनूरनं डब्याला झाकण लावलं.