मोगऱ्याखालचा गाळ

गाडीत मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला की हर्सूलचं ते जुन्या गाड्यांचं आवार आठवतं. लडाखला जायला, वाटेत रानात तंबू ठोकायला मला दणकट फोर-बाय-फोर हवी होती. सोबत आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्री चाचांनी तिथल्या एका गाडीतली पायाखालची मॅट उचलली आणि बोटावर गाळ घेऊन हुंगला. "बेटा, ही पाण्यात बुडालेली हाय. अत्तर उगाच नाय मारलं." विकणाऱ्यानं चाक खोलायची टॉमी सरळ त्यांच्या तोंडावर हाणली. दोन दात त्याच मॅटवर पडले. तो पुन्हा पुन्हा मारत होता आणि मी, सीटखाली बघायला आणलेल्या बॅटरीचा उजेड त्यांच्यावर धरून, नुसता उभा होतो. रक्त थुंकत चाचा मलाच म्हणाले, "घेऊ नको." पुढं त्यांनीच निवडून दिलेली दुसरी गाडी लडाखला जाऊन आली, त्यांच्या गल्लीत मात्र मी ती अजून नेलेली नाही.