आपल्या माणसाची लाइन

"आपलाच माणूस आहे, लेखी कशाला?" असं कुणी म्हटलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मांडवगण फराट्यात, घराच्या वरच्या मजल्यावर मी एक ऑफिस काढलं होतं. पुण्याची एक कंपनी सकाळी यंत्रांच्या सुट्या भागांचं काम पाठवायची, आम्ही ते संगणकावर रेखाटून पाचच्या आत परत पाठवायचो. फायली अवजड. चौघी जणी कामाला होत्या. त्यातली सगळ्यात हुशार म्हणजे शेजारची सून. डिप्लोमा करून, लग्नानंतर घरात बसलेली. तिच्या सासऱ्यांनी परवानगी देतानाच मला बजावलं होतं, "गावात हाय तवर जाऊ दे. गावाबाहेर न्हाई." म्हणजे तिची नोकरी माझ्या इंटरनेटवर उभी होती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

लाइन निवडताना दोन पर्याय होते. शिरूरच्या एका कंपनीची जमिनीखालून येणारी लाइन होती. पाठवायचा आणि यायचा वेग सारखा, आणि तुटली तर चार तासांत जोडून देण्याची लेखी हमी. पण रस्त्याकडेला चर खणायला ग्रामपंचायतीची परवानगी हवी, महिनाभर थांबायचं. दुसरी होती आमच्या भावकीतल्या एका दिराची, खांबांवरून येणारी.

दीर नारळ घेऊनच आला. चहा झाला. मोबाइलवर क्रिकेटची मॅच लावून त्यानं सगळ्यांना फिरवून दाखवली. "बघा, अडकतीय का कुठं?" माझे सासरे खूश. मॅच दिसते ती यायच्या वेगावर, आपलं काम पाठवायचं आहे, हे मी दोनदा सांगितलं. कोण ऐकतंय! शेवटी मी म्हटलं, "तुटली तर किती वेळात जोडाल, तेवढं लिहून द्या."

त्याचा चेहराच पडला. "वहिनी, घरच्या माणसाला लेखी मागताय व्हय?"

सासरे म्हणाले, "आगं, भावकीत कागद मागत्यात का कुणी?"

आमच्याकडे घरच्याला कागद मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. मी कागद न घेताच त्याची लाइन घेतली. मोठी शहाणी म्हणून वर शेजारच्या गावातल्या एकाची दुसरी लाइनही घेतली, एक गेली तर एक असावी. ती कुठून येते, हे मात्र विचारलं नाही.

दिवाळीपर्यंत दोन्ही झकास चालल्या. मग ऊसतोड सुरू झाली. एका दुपारी दोन वाजता दोन्ही लाइनी एकदम गेल्या. मी फाट्यापर्यंत धावत गेले. डोंगराएवढा ऊस भरलेली ट्रॉली केबल ओढून घेऊन गेली होती आणि एकाच खांबावरून दोन तुटकी टोकं लोंबत होती. दुसऱ्यानं आपली केबल दिराच्याच खांबांना बांधली होती, कारण दोघे दोस्त! जन्म उसात गेला, तरी भरलेल्या ट्रॉलीची उंची धरून केबल ओढायची अक्कल एकालाही नव्हती. मलाही नव्हती. केबल ओढली तेव्हा रस्ता मोकळा होता, मी तेवढाच पाहिला.

दिराला फोन लावला. "वहिनी, मी दौंडला लग्नात हाय. उद्या बघतो."

"पाचच्या आत पाठवायचंय हो!"

"आवो, एक दिवस थांबंल की कंपनी!"

बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मोबाइलच्या नेटवर फाइल मुंगीसारखी सरकत होती. साडेतीनपर्यंत झुंजले, मग फायली पेनड्राइव्हवर घेऊन स्कूटीवर दौंड गाठलं. सगळ्या वाटेवर पुढं ट्रॉल्याच. ओळखीच्या ऑफिसातून फायली गेल्या तेव्हा साडेसहा वाजले होते. तिकडं यंत्र आमच्या ड्रॉइंगसाठी बंद ठेवलेलं.

आठवड्यात कंपनीनं कळवलं, तुमच्याकडचं काम बंद; मुलींना ठेवतो, पण त्यांनी पुण्यात येऊन बसायचं. तिघी गेल्या. चौथीसाठी मी तिच्या सासऱ्यांकडे गेले, "आबा, जाऊ द्या तिला," म्हणून हात जोडले. ते म्हणाले, "मी काय ते आधीच सांगितलं व्हतं." त्यांचा संताप आला. त्याहून जास्त माझा, कारण त्यांनी खरंच आधी सांगितलं होतं.

दिराशी कडाक्याचं भांडले. घरच्यांनी मलाच गप्प केलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

नंतर जमिनीखालची लाइन घेतली. परवानगी तीन आठवड्यांत मिळाली. एवढ्याचसाठी मी घाई केली होती! एक छोटं काम मिळालं आणि मी सगळ्यात आधी शेजारी गेले. ती खुरपं घेऊन रानात निघाली होती.

"नवी लाइन आलीय. येतेस का परत?"

"आबा आता न्हाई सोडायचे, ताई. आफिसचा भरवसा न्हाई म्हंत्यात." पदर खोचत ती म्हणाली, "तवा तुमच्या दिराला जरा वाईट वाटू दिलं असतं, तर मी आज कामावर असते."

ती रानाच्या वाटेला लागली.