देवाखालची पत्रकं आणि नणंद तिखट

आमच्या घरात बाळगुटीनंतर थेट पत्रक. अमरावतीत वडिलांचा छोटा छापखाना होता. तो लग्नपत्रिका छापून चालायचा आणि पत्रकं छापून बुडायचा. ज्याच्याजवळ राग आहे पण पैसे नाहीत, अशा प्रत्येकाची पत्रकं वडील छापून द्यायचे: अंगणवाडीताई, कापूसवाले, हमाल, बुवाबाजीच्या विरोधात उभे राहिलेले दोन निवृत्त मास्तर. बाकीची मुलं ‘कमळ’ गिरवत होती तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते.

कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच लिहायला लागले. माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ असायची. ती माझीच होती आणि मला तिचा फार अभिमान होता: ‘या पत्रकावर कोणाचाही हक्क नाही. ज्याला पटेल त्याने छापावं, वाटावं, कोणालाही न विचारता वापरावं.’ लिहिणाऱ्याचं नाव मी टाकत नसे. नाव टाकणं हा अहंकार आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. लोक पत्रक वाचून शिव्या देतात आणि त्या निनावी गेलेल्या बऱ्या, हे मात्र सांगत नसे.

पाचशे पत्रकं छापली की तीनशे कशीबशी वाटून व्हायची. उरलेली दर्यापूरला आत्याकडे जायची. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. ती भिवापुरी मिरची आणून, वाळवून, कांडून तिखट विकते. पुड्या बांधायला तिला कागद लागायचा. व्यवस्थेविरुद्धचा माझा संताप अशा रीतीने शंभर-शंभर ग्रॅम करून घरोघर पोचायचा. एवढा खप माझ्या विचारांना नंतर कधी लाभला नाही.

त्या तिखटाला नाव दिलं माझ्या आईने, आणि तेही रागात. एका उन्हाळ्यात आत्या आमच्याकडे आली होती. आईच्या वांग्याच्या भाजीवर तिने काहीतरी शेरा मारला. दुसऱ्या दिवशी आत्याने आणलेलं तिखट वरणाच्या फोडणीत पडलं आणि ठसक्याने आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात आई शेजारणीला म्हणाली, की नणंदेची जीभ आणि नणंदेचं तिखट एकाच चक्कीतून निघतं. सगळ्यांना वाटलं आता दोन दिवस जेवण नाही. आत्या मात्र उठून छापखान्यात गेली आणि भावाकडून रबरी शिक्का करून घेतला. ‘नणंद तिखट, दर्यापूर’. मग आईच आठ दिवस बोलली नाही.

नाव बाजारात धावलं. प्रत्येक सुनेच्या घरी एक नणंद असतेच. तिला मुठीत धरून घरी नेण्याची संधी आठवडी बाजारात दुसरीकडे कुठे मिळणार?

अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा अकोल्याहून दर्यापूरला जाताना, जीप भरायची वाट बघत मी एका किराणा दुकानासमोर उभी होते. आत चकचकीत लाल पाकिटांची माळ लटकत होती. त्यावर ‘नणंद तिखट’ असं ठसठशीत लिहिलेलं. कमरेवर हात ठेवलेली, नथ घातलेली एक बाई आणि नावाच्या डोक्यावर इंग्रजी आर असलेला बारीक गोल. मी एक पाकीट घेतलं आणि जीपमध्ये तेरा माणसांच्या मधे बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. अकोल्याचा पत्ता होता. दर्यापूर कुठेच नव्हतं.

आत्याने ते फाडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकली.

मला वाटलं ती चिडेल. तिने बोटं पदराला पुसली. मग हळूहळू सांगायला लागली, की दोन महिन्यांपासून बाजारातल्या बाया तिला टोमणे मारतात. तिखट फिकं झालं, नुसता रंग येतो, वय झालं का बाई, असं. तिला कळत नव्हतं आपलं काय चुकतंय. तिने मिरची बदलून पाहिली होती, कांडपवाल्याशी भांडून पाहिलं होतं. चूक तिची नव्हतीच. बाया अकोल्याचं पाकीट हिचं समजून नेत होत्या. आत्याला जगात एकाच गोष्टीची भीती होती, की तिचं तिखट फिकं आहे असं कोणी म्हणेल. ते आता सगळा तालुका म्हणत होता.

वडिलांच्या ओळखीचे एक वकील अमरावतीत आहेत. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं, की हे पाकीट काढणाऱ्या अकोल्याच्या शेठने या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केलाय. तो ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्धही झालाय. प्रसिद्धीनंतर चार महिन्यांत हरकत घ्यावी लागते आणि त्यातले तीन उलटून गेलेत. कोणी हरकत घेतली नाही तर नाव त्याचं होणार. मग तो आत्यालाच नोटीस पाठवू शकतो, की आमचं नाव वापरू नका.

माझी पंचाईत इथे सुरू झाली. नावांवर, बियाण्यांवर, औषधांवर मालकी सांगणाऱ्यांना मी किमान सहा पत्रकांत झोडपलं होतं. मी वकिलांना म्हटलंही, की शब्द समाजाचे असतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग समाजाला सांग हरकत घ्यायला, म्हणाले.

आपल्या देशाच्या कायद्यात एक सोय बरी आहे. ज्याने नाव आधी वापरलं त्याला मान. फक्त ते सिद्ध करावं लागतं. बिलं दाखवा, जाहिराती दाखवा, जुनी पाकिटं दाखवा. आत्याने आयुष्यात बिल फाडलं नव्हतं. बाईने मागावं, हिने पुडी द्यावी, संपला व्यवहार. वकिलांनी विचारलं, जुनी एखादी पुडी कोणाकडे असेल?

“तिखट डब्यात ओतल्यावर कागद कोण ठेवते?” आत्या म्हणाली. मग स्वतःच थबकली. “मी ठेवतो न बाप्पा.”

आमच्याकडे दर उन्हाळ्यात कांडून आलेल्या तिखटाची पहिली पुडी देवाची असते. ती वर्षभर देवघरात राहते. पुढल्या वर्षी नवी आली की जुन्या पुडीतलं तिखट नव्यात मिसळतात, म्हणजे चव मोडत नाही. कागद मात्र फेकायचा नाही, कारण देवाजवळ राहिलेला. आत्या तो घडी करून देवांच्या लाल फडक्याखाली सारते.

आम्ही हातपाय धुऊन देवघरापुढे बसलो. आत्याने एकेक देव उचलून माझ्या ओंजळीत दिला. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक. फडकं सरकवलं आणि खाली माझं समग्र साहित्य निघालं. खालून तिसरं पत्रक होतं ‘देवाच्या नावाने दुकान’. त्यात मी मूर्तिपूजेची सालटी काढली होती. देव त्यावर कित्येक वर्षं बसून होते आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती. एवढा सहिष्णू वाचक मला परत मिळाला नाही.

सगळ्यात तळाशी सगळ्यात जुनं होतं: ‘बियाणं कोणाच्या बापाचं?’ छापल्याचा महिना आणि साल होतं, मिरचीचे डाग होते आणि ‘नणंद तिखट, दर्यापूर’ असा जांभळा शिक्का होता. शेठच्या अर्जाच्या कितीतरी आधीचा.

वकिलांनी तो कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच खूश झाले. वाचत वाचत तळाशी आले आणि थांबले. शिक्का नेमका माझ्या त्या लाडक्या ओळीच्या खाली पडला होता. वाचणाऱ्याला सरळ दिसायचं: कोणाचाही हक्क नाही, कोणालाही न विचारता वापरावं, नणंद तिखट, दर्यापूर.

त्यांनी मला विचारलं, ही ओळ कोणत्या गाढवाने लिहिली. मी सांगितलं.

मग वकिलांनी उपाय सुचवला. पत्रक ओळीवर दुमडून झेरॉक्स काढायची. तारीख वर आहे, शिक्का खाली आहे, मधली एक ओळ घडीत गेली तर कोणाच्या लक्षात येणार नाही. मूळ कागद कोणी मागितला तर पुढचं पुढे.

मी सत्याच्या बाजूने पानंच्या पानं लिहिली आहेत. तरी माझा हात घडीकडे गेला होता, हे इथे कबूल करते. माझ्या एका ओळीपायी आत्याचं नाव जाणार होतं, आणि ओळ दुमडायला एक सेकंद पुरे होता. घडी घातलीही. नखाने दाबलीही.

“ते काहून दुमडून राहिली वं?” आत्याने विचारलं.

मी समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि कागद माझ्या हातातून काढून मांडीवर सरळ केला.

“देवाखालचा कागद हाय. काढाची तं पुरी झेरॉक्स काढ. अर्धा देव कोणी दाखवते का?”

माझ्या तत्त्वांनी जे केलं नाही ते तिच्या सोवळ्याने केलं. याबद्दल मी तिचे आभार मानले नाहीत. तेवढा अहंकार निनावी लेखकालाही असतो.

मग मी शपथपत्र लिहायला बसले. पत्रकात आपण सरळ ‘जागे व्हा’ म्हणतो. शपथपत्रात ‘मी सत्यप्रतिज्ञेवर नमूद करते की’ म्हणावं लागतं. मी नमूद केलं की सदर पत्रक मी लिहिलं आहे, तळाची ओळ माझ्या मजकुराबद्दल आहे, तिखटाबद्दल नाही, आणि शिक्का नंतर पुडी बांधताना मारलेला आहे. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या पत्रकावर हक्क सांगत होते, तोही स्टँपपेपरवर. वडिलांनी छापखान्याचा मालक म्हणून वेगळं शपथपत्र दिलं. बाजारातल्या तीन बायांनी दिलं. त्यातल्या एकीने, आपली खरी नणंद कशी आहे हेही लिहून घ्या, असा आग्रह धरला. वकिलांनी ते टाळलं.

हरकतीसोबत आत्याचा स्वतःचा अर्जही भरायचा होता. मालक कोण, या रकान्यापाशी मी अडले. नाव ठेवलं आईने, तिखट आत्याचं. मी आईला फोन लावला. आई म्हणाली, मला काही नको, पण मी ठेवलं होतं हे तिला एकदा म्हणू दे. आत्याने माझ्या हातून फोन ओढून घेतला.

“राग तुह्या, तिखट माह्यं. दोघींचंबी लिवतो.” आणि फोन ठेवला. आमच्या घरात यालाच समेट म्हणतात.

हरकतीची प्रत मिळाल्यावर शेठने आम्हाला अकोल्याला दुकानावर बोलावलं. माणूस सभ्य निघाला. खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आत्याला ताई म्हणाला. मग त्याने आमचीच झेरॉक्स समोर ठेवली आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. तुमच्या पोरीनेच लिहिलंय, न विचारता वापरावं. मी वापरलं. चूक काय?

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे जवळपास एक पूर्ण पत्रक तयार होतं. आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं.

“पोरीनं कागद लिवला, शेठ. तुमी कागद छापा, हजार छापा, वाटा. तिखट म्या कांडलं. लोकं मले म्हणून राहिले का तुह्यं तिखट फिकं झालं. ते फिकं तुमचं हाय. ते तुमच्या नावानं विका.”

शेठने चहाचा कप फिरवला. मग आत्याने पाकीट काढून तो बारीक गोल दाखवला आणि हा काय आहे असं अगदी भोळेपणाने विचारलं. ते वकिलांनी पढवलं होतं. नोंदणी झाली नसताना तो गोल लावणं गुन्हा आहे. शेठ म्हणाला, डिझाइनवाल्या पोराने सगळ्याच पाकिटांवर तसं दिसतं म्हणून लावला. त्यानंतर त्याने दुसरा चहा मागवला नाही.

हरकतीला उत्तर द्यायला त्याला दोन महिने होते. त्याने दिलं नाही, म्हणून त्याचा अर्ज बाद झाला. आमच्या अर्जाला त्याचाच अर्ज आडवा येत होता, तो अडथळाही गेला. पुढे बराच काळ काहीच हललं नाही आणि एके दिवशी ईमेलवर प्रमाणपत्र आलं. वडिलांनी ते जाड कागदावर छापलं. आत्याने विचारलं, कुंकू लावायचं का? लावलं.

तोवर दुकानदारांना बंद पाकीटच हवं होतं. कागदी पुड्या संपल्या आणि माझा हक्काचा वाचकही संपला. मध्यंतरी नांदगाव खंडेश्वरच्या बचत गटातल्या बाया आत्याकडे आल्या. त्यांना नणंद नावाने शेवया काढायच्या होत्या. मला वाटलं ती त्यांना वाटेला लावेल. तिने शेवया शिजवून पाहिल्या, दोनदा मागे पाठवल्या, तिसऱ्यांदा हो म्हणाली. मला खुपलं, कारण हेच मी एवढी वर्षं लिहीत होते आणि तिने न वाचता केलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, “तू न इचारता म्हणते. मी इचारून म्हणतो.”

त्यानंतरच्या पत्रकात मी ती ओळ बदलली. छापा, वाटा, फक्त मला कळवा, असं लिहिलं आणि खाली नाव टाकलं.

या उन्हाळ्यात पहिली पुडी म्हणून चकचकीत पाकीट देवघरात गेलं. पाकीट गुळगुळीत, त्यामुळे त्याला टेकवलेली अन्नपूर्णा सारखी घसरायची. आत्याने माझ्याकडे एक पत्रक मागितलं. मी नवं कोरं दिलं. तिने त्याची चौघडी केली, ते देवांखाली सारलं, आणि मग परत ओढून तळाची ओळ वाचली.

“नाव टाकलं तं,” ती म्हणाली. “बरं झालं. आता देव पडले का कोणाले बोलाचं ते मालूम हाय.”